उसवण्याची मुभा

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या टपाल-सेन्सॉरसमोर एक पत्र आले. त्यात विणकामाची कृती होती: इतके टाके सुलट, इतके उलट, इथे दोन टाके एकत्र, तिथे बंद. या आकड्यांआड शत्रूसाठी काही निरोप दडवला असावा, अशी तपासनिसाला शंका आली. मग पत्र अडकवून ठेवले आणि त्या कृतीबरहुकूम खरोखरच स्वेटर विणून पाहिला. डेव्हिड कान यांनी ‘द कोडब्रेकर्स’ (१९६७) या गुप्तलेखनाच्या इतिहासात हा किस्सा नोंदवला आहे. पत्रांतून पाठवलेली शब्दकोडी मात्र सेन्सॉरचे लोक सरळ काढून घेत, असेही ते सांगतात. कारण ती सोडवून त्यात काही दडले आहे का ते पाहायला वेळ नव्हता. स्वेटर विणायला वेळ आहे, कोडे सोडवायला नाही, ही सरकारी वेळेची वाटणी मला फार आवडते.

या संशयाला साहित्यात एक पूर्वज आहे. चार्ल्स डिकन्सच्या ‘अ टेल ऑफ टू सिटीज’ (१८५९) मधली मादाम दफार्ज पॅरिसमधल्या आपल्या दारूच्या गुत्त्यात बसून सतत विणत असते, आणि पुढे ज्यांचा सूड घ्यायचा आहे त्यांची नावे टाक्यांत नोंदवून ठेवते. तपासनिसाने कादंबरी वाचलेली असणार. म्हणजे युद्धकाळातल्या त्या कार्यालयात, एकाच टेबलावर, विणकाम आणि शब्दकोडे शेजारी शेजारी पडले होते आणि त्यांच्याकडे पाहणाऱ्याच्या डोक्यात रहस्यकथा चालू होती. या पुस्तकाचे तिन्ही विषय इतके जवळ आलेले दुसरे ठिकाण मला माहीत नाही.

पुस्तक आहे लोकरीचे विणकाम, रहस्यकथा आणि शब्दकोडी यांत घालवलेल्या शांत दिवसांविषयी. लेखक वेगवेगळे आहेत, आणि ज्यांना एका छंदाचे वेड आहे त्यांना उरलेल्या दोहोंबद्दल थोडी तुच्छताही आहे. कोडी सोडवणाऱ्याला विणकाम हे डोके न लावता करायचे काम वाटते. विणणारीला कोडी म्हणजे हाती काहीच न लागणारा उद्योग वाटतो. रहस्यकथा वाचणारा दोघांकडेही पुस्तकावरून मान न उचलता पाहतो. घरातल्या बाकीच्यांच्या लेखी मात्र हे तिघेही एकाच खणातले: वेळ घालवणारे. दुपारची जेवणे आटोपली, भांडी पालथी घातली, चहाला अजून अवकाश आहे, अशा वेळेत करायच्या या गोष्टी, किंवा निवृत्तीनंतरच्या.

अलीकडे या छंदांना वेगळाच रंग दिला जातो. विणल्याने मन स्थिर होते, कोडी सोडवल्याने स्मरणशक्ती टिकते, असे सांगून ते औषधाच्या गोळीसारखे खपवले जातात. या पुस्तकात तसला एकही दावा नाही, आणि एखाद्या लेखात तो डोकावला होता तिथे मी संपादकाच्या अधिकारात कात्री लावली आहे. आवडीच्या गोष्टीला वैद्यकीय प्रमाणपत्र जोडले की ती आवडीची राहत नाही, कर्तव्य होते.

या तिघांना जोडते ते काय? शांतता, असे पटकन म्हणता येईल. पण शांतपणे करण्यासारख्या गोष्टी पुष्कळ आहेत, तांदूळ निवडणेही शांतच असते. मला दिसते ते वेगळे आहे. या तिन्ही ठिकाणी मागे जाऊन तपासता येते. विणकाम चुकले तर उसवता येते, आणि उसवल्याने लोकर वाया जात नाही. रहस्यकथा संपली की पुन्हा पहिल्या प्रकरणाकडे जाऊन लेखकाने आपल्याला नेमके कुठे चकवले ते पाहता येते. कोड्यात भरलेला शब्द खोडता येतो. आणि दुसऱ्या दिवशी उत्तर छापून आले की हाच शब्द का, असा जाब रचणाऱ्याला मनातल्या मनात का होईना विचारता येतो. करणाऱ्याने सगळे दुवे समोर ठेवले आहेत आणि हवे तेव्हा मागे वळून ते पडताळण्याची आपल्याला मुभा आहे, या भरवशावर हे शांत दिवस उभे असतात. भरवसा मोडला की काय होते याचे एक उदाहरण आपल्याच मुंबई राज्यातले आहे आणि ते थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. त्याकडे पुढे येतोच.

तिन्ही छंदांना आजचे रूप आले ते साधारण एकाच काळात, दोन महायुद्धांच्या मधल्या वर्षांत, आणि मुख्यतः इंग्लंडमध्ये. विणकाम अर्थातच कित्येक शतके जुने. पण ते घरगुती गरजेतून फॅशनमध्ये गेले त्या काळात. १९२२ साली इंग्लंडचा युवराज एडवर्ड सेंट अँड्र्यूजच्या गोल्फच्या मैदानावर फेअर आइलचा रंगीत स्वेटर घालून उतरला आणि शेटलंडजवळच्या त्या चिमुकल्या बेटावरची वीण एकदम सगळ्यांना हवीशी झाली. (हाच युवराज आदल्या वर्षी, १७ नोव्हेंबर १९२१ रोजी, मुंबईत उतरला तेव्हा शहरात हरताळ होता, आणि गांधीजींच्या उपस्थितीत विदेशी कापडाची होळी पेटली होती. त्याच्या अंगावरच्या कपड्यांची नक्कल करण्याच्या मनःस्थितीत आपण नव्हतो.) फेअर आइलच्या विणीत कितीही रंग दिसले तरी एका ओळीत दोनच वापरायचे असतात, आणि नमुना उतरवायचा तो चौकटीच्या कागदावर: एक घर म्हणजे एक टाका, भरलेले घर एका रंगाचे, मोकळे दुसऱ्या रंगाचे. शब्दकोड्याची काळी-पांढरी चौकट आणि हा नमुना शेजारी ठेवले तर लांबून कोणते काय हे पटकन कळू नये.

विणकामाची भाषा हा या पुस्तकातला मला सर्वांत आवडलेला भाग आहे. मुळात टाके दोनच, सुलट आणि उलट. बाकीचे सगळे त्यांच्याच जोडाजोडीतून. एक सुलट एक उलट केले की काठाची ताणणारी बॉर्डर होते. एक ओळ सुलट, दुसरी उलट केली की पुढून गुळगुळीत आणि मागून खडबडीत असा साधा पोत मिळतो. टाका वाढवायचा, दोन एकत्र करायचे, सुईवरून न विणता पुढे सरकवायचा, एवढ्या मोजक्या क्रियांतून केबल, जाळी, पाने, सगळे निघते. ज्यांना हे वाचता येते त्या बायका दुकानात टांगलेला स्वेटर दोन बोटांत धरून, उलटा करून, आतल्या बाजूने वाचतात आणि घरी येऊन तसाच विणतात. हे मी पाहिले आहे, आणि दुकानदाराला ते मुळीच आवडत नाही हेही पाहिले आहे.

अख्खे विणकाम म्हणजे एकच अखंड धागा. मागावरचे कापड कापले की कापले. सुईवरचे मात्र टोक ओढले की ओळीमागून ओळ सुटत जाते. मधेच एखादा टाका गळला तर तो शिडीसारखा खाली उतरतो, पण क्रोशाची सुई घालून त्याला पायरी-पायरीने वर आणता येते. ज्याला हे जमते त्याला विणकाम आले असे मी समजतो. टाके घालणे कोणालाही शिकवता येते. इंग्लंडमध्ये जून १९४१ मध्ये कपड्यांचे रेशनिंग सुरू झाले, लोकरीलाही कूपने लागू लागली, आणि १९४३ च्या ‘मेक डू अँड मेंड’ मोहिमेत जुने स्वेटर उसवून नवे विणण्याचे धडे सरकारच देऊ लागले. आपल्याकडे हे शिकवायला सरकार लागले नाही. थोरल्याचा स्वेटर उसवायचा, कुरळी झालेली लोकर खुर्चीच्या पाठीला गुंडाळून लड करायची, धुऊन, खाली वजन बांधून वाळत घालायची, की धाकट्याच्या स्वेटरची सोय झाली. बाह्यांना लोकर कमी पडली तर दुसऱ्या रंगाचे पट्टे. कोकणात किंवा मुंबईत स्वेटरची गरज ती कितीशी! पण बाळंतविड्यात टोपडे आणि मोजे हवेतच, आणि ते विकतचे दिले तर बघणाऱ्या नजरा बोलतात. लुधियानाची लोकर त्यासाठीच घरोघर आली.

इथे एक कडू गोष्ट सांगायला हवी, कारण लेखांमध्ये ती पुरेशी आलेली नाही. विणकामाने बायकांना बसण्याचा परवाना दिला. हातात पुस्तक घेऊन दुपारी बसलेली सून आळशी ठरे. हातात सुया असतील तर ती कामात असे. लोकलच्या बायकांच्या डब्यात आजही सुया चालतात, भाजी निवडली जाते, आणि रिकामे हात तेवढे रिकामे मानले जातात. पुरुषाने सकाळी वर्तमानपत्राच्या मागे अर्धा तास तोंड लपवून कोडे सोडवले तर त्याला कधी परवाना लागला नाही. शांत दिवस कोणाच्या वाट्याला, कोणती सबब सांगून येतो, हा प्रश्न या तिन्ही छंदांच्या मुळाशी आहे.

रहस्यकथेने या परवान्याचा फार हुशारीने उपयोग करून घेतला. विणत बसलेल्या म्हाताऱ्या बाईकडे कोणाचे लक्ष नसते, म्हणून तिच्यासमोर लोक बोलतात. अगाथा ख्रिस्तीची मिस मार्पल डिसेंबर १९२७ मध्ये ‘रॉयल मॅगझिन’मधल्या एका कथेत प्रथम आली, आणि १९३० च्या ‘द मर्डर ॲट द व्हिकारेज’ मध्ये कादंबरीत. त्या पहिल्या कथेत मंडळी बसून न उलगडलेले गुन्हे एकमेकांना सांगत असतात. एक जण स्कॉटलंड यार्डचा माजी आयुक्त, एक वकील, एक लेखक. विणत बसलेल्या मार्पलबाईंची गणती आधी कोणी करतच नाही. उत्तर अर्थात त्यांनाच येते. ते येते कारण सेंट मेरी मीड या खेड्यात त्यांनी माणसांचे नमुने पाहून ठेवले आहेत: हा अमक्या दुकानदारासारखा लबाड, ही तमक्या मोलकरणीसारखी भोळी. नमुना ओळखायचा आणि तो कुठे बिघडला ते शोधायचे.

मार्पलबाईंच्या अगदी पाठोपाठ, १९२८ मध्ये, पॅट्रिशिया वेंटवर्थने मिस सिल्व्हर आणली. ही निवृत्त शिक्षिका, पेशाने खासगी डिटेक्टिव्ह, आणि अशिलाची हकिकत ऐकताना कायम भाचरंडांसाठी काहीतरी विणत असते. बत्तीस कादंबऱ्यांत तिने विणलेले मोजे आणि झबली एकत्र केली तर एक बालवाडी उबदार होईल. वेंटवर्थबाईंचा जन्म मसुरीचा, हे मला बरेच उशिरा समजले.

हा काळ रहस्यकथेत कायदे करण्याचाही होता. रोनाल्ड नॉक्स या धर्मोपदेशकाने १९२९ मध्ये दहा नियम घातले. वाचकाला न दाखवलेल्या दुव्यावर डिटेक्टिव्हने उत्तर काढू नये, गुप्त खोली किंवा भुयार असलेच तर एकच असावे, अशा धर्तीचे. (त्यांतला एक नियम चिनी माणूस कथेत नसावा असा आहे. काही जण त्याचा अर्थ तेव्हाच्या स्वस्त कथांमधल्या खलनायकांची चेष्टा असा लावतात. आज तो वाचताना तरीही कसेसेच होते.) याच नॉक्सने त्याआधी अक्षरकोड्यांचे पुस्तकही काढले होते. १९३० मध्ये लंडनमध्ये ‘डिटेक्शन क्लब’ स्थापन झाला, जी. के. चेस्टरटन अध्यक्ष झाले, आणि नव्या सभासदाला कवटीवर हात ठेवून शपथ घ्यावी लागे की आपला डिटेक्टिव्ह दैवी साक्षात्कार, योगायोग वगैरेंचा आधार घेणार नाही. कवटीला नाव होते एरिक. प्रकार थट्टेचा होता. शपथेतली अट मात्र खरी होती. वाचकाला मागे जाऊन पाहता आले पाहिजे.

म्हणून ख्रिस्तीची ‘द मर्डर ऑफ रॉजर ॲक्रॉइड’ (१९२६) दुसऱ्यांदा वाचण्यात पहिल्यापेक्षा जास्त मजा आहे. ती आली तेव्हा लेखिकेने दगा दिला असा ओरडा झाला. पुन्हा वाचले की दिसते, एकही वाक्य खोटे नाही. आपण ते भरभर वाचले एवढेच.

मराठी रहस्यकथेचा हिशेब वेगळा आहे. बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर पुस्तके लिहिली आणि झुंजार, काळा पहाड, धनंजय ही नावे घराघरांत नेली. गुरुनाथ नाईक, सुहास शिरवळकर यांच्या पुस्तकांसाठी सर्क्युलेटिंग लायब्ररीत नंबर लावावे लागत. ही परंपरा धावपळीची, वेषांतराची, साहसाची आहे. वाचक नायकाबरोबर धावतो, त्याच्याशी बुद्धीची पैज लावत नाही. मला ही कमतरता वाटत नाही. गिरणीच्या पाळीवरून आलेल्या माणसाला खेड्यातल्या पाद्र्याच्या दिवाणखान्यातले चहाचे कप मोजायला लावण्यात काय अर्थ होता? पण शांत रहस्यकथेची, सगळे दुवे समोर मांडून वाचकाला आव्हान देणाऱ्या कथेची, आपली तहान बरीचशी अनुवादांवर भागली हे खरे आहे. सत्यजित राय यांचा डिटेक्टिव्ह फेलूदा अशोक जैन यांच्या अनुवादातून मराठीत आला तेव्हा पुष्कळांना ती चव पहिल्यांदा कळली. राय स्वतः शब्दखेळांचे वेडे. ‘रॉयल बेंगॉल रहस्य’ मध्ये खजिन्याचा पत्ता एका पद्यकोड्यातच दडवलेला आहे.

आता शब्दकोडे. आर्थर विन हा मूळचा लिव्हरपूलचा पत्रकार. त्याने २१ डिसेंबर १९१३ च्या ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’च्या रविवार पुरवणीत हिऱ्याच्या आकाराचे पहिले कोडे छापले. १९२४ मध्ये सायमन आणि शुस्टर या नव्या प्रकाशकांनी कोड्यांचे पुस्तक काढले, सोबत एक पेन्सिल जोडून, आणि वेड पसरले. लंडनच्या ‘टाइम्स’ने त्याच वर्षी अमेरिका या खेळाची गुलाम झाल्याची खंत अग्रलेखाच्या थाटात व्यक्त केली. सहा वर्षे गेली नाहीत तोच, १ फेब्रुवारी १९३० रोजी, ‘टाइम्स’ने स्वतःचे कोडे सुरू केले. ते रचायला मिळाला सफकमध्ये शेती करणारा एक तरुण लेखक, एड्रियन बेल, ज्याने तोवर एकही कोडे सोडवलेले नव्हते! पुढे कित्येक दशके तो कोडी रचत राहिला. ‘न्यूयॉर्क टाइम्स’ आणखी हट्टी निघाला. त्याने कोडे छापले ते थेट १५ फेब्रुवारी १९४२ ला. पर्ल हार्बरवरच्या हल्ल्याला सव्वादोन महिने झाले होते. ब्लॅकआउटच्या रात्री वाचकांना काहीतरी हवे, हे संपादकांना तेव्हा पटले.

इंग्लंडमध्ये कोड्याने वेगळे वळण घेतले. सरळ अर्थ विचारण्याऐवजी फसवे वाक्य द्यायचे, ज्यात उत्तराचा अर्थही असतो आणि त्याची फोडही. मराठीत करून दाखवतो: ‘उलटी वाहणारी नदी गरीब (२)’. नदी अक्षरागणिक उलटी केली की ‘दीन’, आणि दीन म्हणजे गरीब. वाक्य वाचताना मन प्रवाहाकडे जाते. उत्तर अक्षरांत असते. या पद्धतीच्या धुरीणांनीही रहस्यकथाकारांसारखाच नियम केला: दिशाभूल खुशाल करा, पण वाक्याचा एक काटेकोर अर्थ उत्तरापर्यंत नेणारा असलाच पाहिजे. रहस्यकथाकार कॉलिन डेक्स्टर अशा कोड्यांच्या स्पर्धांतला मुरलेला खेळाडू होता. त्याने आपल्या इन्स्पेक्टरला मॉर्स हे नाव दिले ते स्पर्धांतल्याच एका तोडीस तोड प्रतिस्पर्ध्याचे.

रहस्यकथा आणि शब्दकोडे हे दोन्ही छंद ज्याच्यात पूर्ण एकजीव झाले तो माणूस म्हणजे एडवर्ड पॉइस मॅथर्स. ‘ऑब्झर्व्हर’साठी तो ‘टॉर्कमाडा’ या नावाने कोडी रची, स्पेनमधल्या कुख्यात धर्मन्यायाधीशाचे नाव घेऊन. आणि त्याच नावाने रहस्यकथांची परीक्षणे लिही. १९३४ मध्ये त्याने ‘केन्स जॉबोन’ ही रहस्यकथा छापली: शंभर पाने, सहा खून, आणि पाने मुद्दाम विस्कटलेल्या क्रमाने. वाचकाने क्रम लावायचा आणि मारणारे-मरणारे ओळखायचे. शंभर पानांचे जितके क्रम शक्य आहेत ती संख्या १५८ अंकी आहे. बरोबर त्यांतला एकच. त्या वेळी दोघांनी उत्तर काढले आणि पंचवीस-पंचवीस पौंडांचे बक्षीस घेतले. २०१९ मध्ये पुस्तक पुन्हा निघाले आणि पुढच्या वर्षी ब्रिटिश विनोदी लेखक जॉन फिनेमोर याने ते सोडवले, करोनाच्या टाळेबंदीत घरात अडकल्यामुळे. यावर या संग्रहात एक स्वतंत्र लेख आहे, म्हणून इथे थांबतो.

मराठी कोडे इंग्रजीच्या नमुन्यावर बेतले तरी त्याचे गणित बदलते, कारण आपल्या एका घरात अख्खे अक्षर बसते, काना-मात्रा-जोडाक्षरासकट. इंग्रजीत एका घरासाठी सव्वीस शक्यता, आपल्याकडे शेकड्यांनी. छेद देणाऱ्या शब्दातून ‘त्या’ मिळाला तर फार मोठा सुगावा लागतो, पण असा ‘त्या’ आडव्यातही आणि उभ्यातही बसवायचा म्हणजे रचणाऱ्याची परीक्षा. म्हणून आपली चौकट लहान, काळी घरे जास्त, शब्द दोन-चार अक्षरी. शिवाय आडव्या शब्दात ऱ्हस्व ‘कि’ आणि उभ्यात दीर्घ ‘की’ आला की झगडा ठरलेला. काही जण तिथे डोळेझाक करतात. मी करत नाही. मोरोपंतांनी ‘निरोष्ठ रामायण’ रचले, ओठ न मिटता म्हणता येईल असे, म्हणजे प-वर्गातले एकही अक्षर न वापरता. रामकथा सांगायची आणि ‘राम’ हे नाव घेता येत नाही! इतका कडक नियम स्वतःवर लादून घेणाऱ्या कवीच्या भाषेत वेलांटीची सवलत मागणे बरे दिसत नाही.

आता तो राहिलेला खटला. स्वातंत्र्याच्या आगेमागे आपल्याकडे बक्षिसी शब्दकोड्यांची लाट आली होती. प्रवेश फी भरायची, कूपन कापून पाठवायचे, हजारोंचे बक्षीस. या कोड्यांची मेख अशी की सूचनेला दोन शब्द सारखेच चपखल बसत, आणि बरोबर कोणता ते आयोजकांनी आधीच तयार ठेवलेल्या उत्तरावर ठरे. हुशार माणूस आणि डोळे मिटून भरणारा यांच्यात फरक उरत नसे, म्हणून लोक एकाच कोड्याची अनेक कूपने भरत. मुंबई राज्याने १९४८ च्या कायद्याने यांवर नियंत्रण आणि कर आणला. बंगळूरहून निघणाऱ्या ‘स्पोर्टिंग स्टार’ या साप्ताहिकातून कोडी चालवणारे चामरबागवाला न्यायालयात गेले, उच्च न्यायालयात जिंकले, आणि एप्रिल १९५७ मध्ये सर्वोच्च न्यायालयात हरले. सरन्यायाधीश एस. आर. दास यांनी निकालपत्रात ऋग्वेदातल्या जुगाऱ्याच्या सूक्तापासून मनूपर्यंत दाखले दिले. सोबतच्या दुसऱ्या खटल्यात १९५५ च्या केंद्रीय कायद्याचा अर्थ लावला गेला. महिन्याला हजार रुपयांहून जास्त बक्षीस नको, दोन हजारांहून जास्त प्रवेशिका नकोत, असा तो कायदा. न्यायालयाने म्हटले की ही बंधने यश मुख्यतः नशिबावर असलेल्या स्पर्धांनाच, कौशल्याच्या स्पर्धांना नाहीत. ऑनलाइन रमीच्या खटल्यांत आजही वकील या निकालांकडे बोट दाखवतात. उत्तर का बरोबर आहे हे मागाहून पटवून देता येत नसेल तर ते कोडे नव्हे, जुगार आहे: डिटेक्शन क्लबने कवटीवर हात ठेवून जे सांगितले होते ते दिल्लीत घटनापीठाने साधारण तसेच सांगितले, जास्त पाने खर्चून.

लेख वाचताना एक गोष्ट मनात ठेवावी अशी माझी विनंती आहे. ज्या काळात हे छंद घडले तो शांत नव्हता. ख्रिस्तीने पहिली कादंबरी लिहिली ती पहिल्या महायुद्धात, टॉर्कीच्या रुग्णालयात औषधे तयार करण्याचे काम करताना. विषांची माहिती तिथलीच. त्या कादंबरीत गोष्ट सांगणारा हेस्टिंग्ज आघाडीवरून जखमी होऊन परतला आहे, आणि त्यातला डिटेक्टिव्ह प्वारो बेल्जियमचा निर्वासित आहे. डोरोथी सेयर्सचा लॉर्ड पीटर विम्झी खंदकांच्या आठवणींनी रात्री दचकून उठतो. त्याच युद्धातले जखमी सैनिक रुग्णालयांत बसून विणत. समीक्षक ॲलिसन लाइट यांनी या काळातल्या रहस्यकथेला आजारातून उठणाऱ्या समाजाचे साहित्य मानले आहे, आणि मला ते पटते. ज्या पिढीने लाखो मृत्यू कारणाविना पाहिले, तिला एक मृत्यू, एक कारण आणि एक नाव शेवटच्या प्रकरणात नीट मिळावे असे वाटले तर नवल नाही.

थोडे व्यवहाराचे. एक अपवाद सोडला तर कुठल्याही लेखात खुन्याचे नाव उघड केलेले नाही. एका लेखकाला ते केल्याशिवाय मुद्दा मांडता येईना, म्हणून त्याचा लेख सर्वांत शेवटी टाकला आहे आणि कादंबरी कोणती ते पहिल्याच ओळीत सांगितले आहे. टोपड्याची कृती मध्यम जाडीच्या लोकरीसाठी आहे. बारीक लोकर वापरणार असाल तर आधी नमुन्याचा छोटा चौकोन विणून मोजून घ्या. प्रत्येक विभागानंतर एक नवे शब्दकोडे दिले आहे. उत्तरे पुस्तकाच्या शेवटी आहेत, आणि प्रत्येक उत्तरापुढे ते कसे आले हेही दिले आहे. न पटल्यास प्रकाशकाच्या पत्त्यावर जरूर कळवावे. तिसऱ्या कोड्यातल्या आडव्या नऊबद्दल संपादक आणि रचणारी यांच्यात अजून एकमत झालेले नाही, म्हणून तिथे दोघांचीही कारणे छापली आहेत.